चाळीस दिवसांची सेलिन

राखेच्या बुधवारी सेलिन चर्चमधून आली ती कपाळावरचा राखेचा क्रूस न पुसताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मार्था, आजपासून मी पिणार नाही."

मार्था टीचर चहा गाळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "बरं," म्हणाली, "आधी पाय धुऊन ये."

आता यात मार्थाचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. वसईच्या आमच्या गावांत राखेच्या बुधवारी पिणं सोडत नाही असा आहे कोण? बारा महिने ज्याला सूर्य कलल्यावर आपलं घर सापडत नाही, तोही उपवासकाळाचे चाळीस दिवस थेंबाला शिवत नाही. दारू सोडतो, मटण सोडतो, जमलंच तर बायकोला शिव्या देणंही सोडतो. आणि ईस्टरची मिस्सा संपली रे संपली, की चाळीस दिवसांची कसर एका दुपारी भरून काढतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही, उलट घरातलं वडीलधारं माणूस आपल्या हाताने पहिला ग्लास भरून देतं, "उपास सुटला" म्हणतं आणि पंगत टाळ्या वाजवते. सेलिनचंही तेच असणार, असं मार्थाने धरलं. गणिताची बाई ती. भिंतीवरच्या एकोणीसशे नव्याण्णवच्या कॅलेंडरवर तिने बोट फिरवलं आणि ईस्टर चार एप्रिलला येतो हे बघून ठेवलं.

मार्था चव्वेचाळीसची. गावातल्या अर्ध्या लोकांनी तिच्या हातची छडी खाल्ली होती आणि उरलेल्यांची मुलं खात होती. आईमागे घर, विहीर आणि मागची केळीची बाग तिच्याकडे आली. सेलिन तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नाचे, कम्युनियनचे, बारशाचे केक करायची. अकरा वर्षांपूर्वी ती आपला लोखंडी ओव्हन हातगाडीवर घालून मार्थाकडे राहायला आली. सेलिनचा थोरला भाऊ सॅन्टन आणि त्याची बायको फ्लॉसी शेजारच्याच वाडीत राहायची. गावाच्या लेखी या दोघी मैत्रिणी. लग्न न झालेल्या बायकांनी एकमेकींना सोबत करावी, यात कुणाला वावगं वाटलं नाही. घरात पलंग दोन होते. एकावर केकचे खोके असायचे आणि दुसऱ्यावर दोघी झोपायच्या.

मार्थाचं सेलिनवर प्रेम होतं. होतंच, त्यात शंका नको. पण प्रेम म्हणावं की पहारा! सेलिन विहिरीवर कुणाशी दोन शब्द जास्त बोलली की मार्थाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. केक न्यायला आलेली एखादी नवरी सेलिनच्या गळ्यात पडली, तर पुढचे दोन दिवस मार्था सेलिनशी भांड्यांच्या आवाजातून बोलायची.

सेलिन प्यायची हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि सेलिन पिऊन पडते, हेही ठाऊक होतं. कधी डोळा काळानिळा, कधी ओठ फुटलेला, कधी कानामागे खोक. फ्लॉसी बघायला यायची. वाकून नणंदेच्या तोंडाचा वास घ्यायची, नाक मुरडून मागे सरायची आणि मार्थाच्या पाठीवर हात ठेवायची. "टीचर, तुम्ही म्हणून सांभाळता हो. दुसरी कुणी असती तर केव्हाच बाहेर काढली असती." मार्था मान खाली घालायची. गावात तिला मान होता तो गणितामुळे थोडा आणि सेलिनमुळे जास्त.

खरं काय ते एकट्या मार्थाला माहीत होतं. सेलिनलासुद्धा नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका लग्नात सेलिनने दोन ग्लास जास्त घेतले आणि नताशा नावाच्या नवरीच्या मैत्रिणीचा हात धरून ती बँडपुढे नाचली. बरं, सगळेच नाचत होते. पण मार्थाला त्या मांडवात त्या दोघीच दिसत होत्या. घरी आल्यावर मार्थाने तिच्या कानाखाली अशी काही ठेवून दिली, की सेलिन कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. सकाळी उठून सेलिनने आरशात पाहिलं आणि विचारलं, "हे काय झालं गं?" मार्थाने माफी मागायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "पडलीस." सेलिनने विश्वास ठेवला. वर तिनेच मार्थाचे हात धरले आणि म्हणाली, "किती त्रास देते मी तुला. मला माफ कर." जिने माफी मागायची तिचीच कुणी माफी मागितली, तर ती पुन्हा कशाला मागायला जाते?

मग ते सवयीचं झालं. केकमध्ये घालायच्या सुक्या मेव्याला रम लागते. आधी नाताळापुरती एक बाटली यायची, पुढे फडताळातली बाटली कधी रिकामी म्हणून राहिली नाही. आणणारी मार्था. सेलिन दोन दिवस न पिता राहिली की मार्थाच तिच्यापुढे ग्लास ठेवायची. "दमलीस. घे जराशी." पिऊन सेलिन लाडात यायची, मार्थाच्या मांडीवर डोकं ठेवायची, कुठेही जायची नाही. आणि मार्थाचं डोकं फिरलं तर दुसऱ्या दिवशी सेलिनला काही आठवायचं नाही. गेल्या डिसेंबरात सेलिनचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, वास घेतला आणि एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. "बाथरूममध्ये पडली," मार्था म्हणाली. पोलीस नाही, पंचायत नाही. दारूने सगळ्यांची तोंडं आधीच बंद केली होती.

तर असा तो राखेचा बुधवार. पहिले दोन आठवडे मार्थाला खरंच गोड गेले. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे केकचं काम नव्हतं. सेलिन पहाटे उठायची, केळींना पाणी सोडायची, गुणगुणत भाकऱ्या थापायची. तिच्या गालांवर रंग आला. मार्था शाळेतून घरी यायची तेव्हा सेलिन पायरीवर वाट बघत बसलेली असायची. मार्थाला वाटायचं, अरे, हीच ती, जी हातगाडीवर ओव्हन घेऊन आली होती.

पण एक गोष्ट खुपायला लागली. सेलिनला सगळं आठवायचं. "फ्लॉसीला मी बोलावलं असं तू काल म्हणालीस, पण बोलावलंस तर तूच." असं साधंच काहीतरी. भांडण नाही, आवाज नाही. पण अकरा वर्षांत मार्थाला कुणी आकडा चुकला म्हणून दाखवला नव्हता. एकदा तिचा हात शिवशिवला. तिने तो पदरात गुंडाळून ठेवला. न प्यालेली बाई पडत नाही, हे गणित काही तिला शिकवायला नको होतं. चाळीस दिवस, तिने मनाशी म्हटलं. त्यातले सोळा गेले.

दर शुक्रवारी पाच वाजता सेलिन "मी जाऊन येते" म्हणून निघायची. कुठे ते मार्थाने विचारलंच नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी माणूस चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेलाच जाणार, आणखी कुठे? तिसऱ्या शुक्रवारी शाळा लवकर सुटली, तेव्हा मार्थाच चर्चमध्ये गेली. म्हटलं, दोघी बरोबर घरी येऊ. बायकांच्या बाजूचे सगळे बाक तिने नजरेखालून घातले. सेलिन नाही. फ्लॉसी होती.

"सेलिन?" फ्लॉसी कुजबुजली. "टीचर, ती एकाही शुक्रवारी नव्हती. मला वाटलं, घरी तुमच्याबरोबर असेल."

पुढे प्रभू येशू कितव्यांदा पडला, त्याचा क्रूस कुणी उचलला, यातलं मार्थाला काही ऐकू आलं नाही. कोण? एवढंच तिच्या डोक्यात ठणकत होतं. कोण आहे?

घरी येऊन तिने पलंगावर राहिलेली सेलिनची पर्स पालथी केली. रुमाल, जपमाळ, खोबऱ्याची वडी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर फोन नंबर आणि नाव होतं, वसुंधरा. मार्थाने ते नाव चार वेळा वाचलं. सेलिनची फ्रॉकवर घ्यायची ओढणी खुंटीवर होती, ती नाकाला लावून हुंगली. अकरा वर्षं ती दारूसाठी हुंगत आली होती, आज दुसऱ्या कुणाच्या पावडरीसाठी हुंगत होती. कसलाच वास नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

सेलिन परत आली, तिने दोघींसाठी चहा टाकला आणि सहज म्हणाली, "आज खूप बरं वाटतंय गं."

"वाटणारच," मार्था म्हणाली. चिठ्ठी जशी होती तशी पर्समध्ये परत ठेवली होती.

पुढच्या शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणून मार्थाने शाळा अर्धी सोडली आणि सेलिनच्या रिक्षामागे रिक्षा लावली. सेलिन उतरली ती स्टेशनजवळच्या एका शाळेपाशी. शाळा सुटलेली होती. एका वर्गाच्या जाळीच्या खिडकीबाहेर बदामाचं झाड होतं, मार्था त्याच्या आडोशाला उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांची टीचर, वर्गाबाहेर अंगठे धरायला उभी केल्यासारखी!

आत दहा-बारा माणसं गोल करून बसली होती. एक रिक्षावाला, एक पांढऱ्या मिशांचे आजोबा, एक टाय लावलेला कुणी ऑफिसवाला. आणि सेलिनच्या शेजारी एक बाई. पन्नाशीची, कडक इस्त्रीची सुती साडी, मोठं कुंकू, खांद्याला बँकेत जाणाऱ्या बायकांची असते तसली पर्स. सेलिन बोलत होती. काय बोलत होती ते बाहेर ऐकू येत नव्हतं. बोलता बोलता ती रडायला लागली आणि त्या बाईने तिचं मनगट हातात घेतलं. तेच मनगट, डिसेंबरातलं.

भिंतीवरच्या फलकावरून मार्थाला कळलं, की ही दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आहे. एखादीला हायसं वाटलं असतं. मार्थाची आग आणखी भडकली. चोरटं प्रेम असतं तर तिला परवडलं असतं. त्यात फार तर अंगाची ओळख होते. ही बाई सेलिनचं आयुष्य ऐकत होती, आणि सेलिनचं आयुष्य म्हणजे मार्थाचं घर, मार्थाचा पलंग, मार्थाचं फडताळ. ज्या बाईसाठी मी अकरा वर्षं जीव टाकला ती माझ्यापाशी कधी अशी रडली नाही, मार्थाला वाटलं. माझ्यापाशी फक्त माफी मागत राहिली.

त्या संध्याकाळी तिने सेलिनला काही विचारलं नाही. कॅलेंडर पाहिलं. ईस्टर होऊ दे, तिने ठरवलं. उपास सुटला की ही मीटिंग सुटेल, ती बाई सुटेल आणि सेलिन पुन्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवेल. पावसाळ्याच्या तोंडावर तिने स्वतः घातलेली जांभळाची वाईन बरणीत होती. ती तिने गाळून ठेवली.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी मार्था बाजारातून आली, तर स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज. टेबलाशी दोघी बसल्या होत्या. मार्झिपॅनची, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याची, ईस्टरची अंडी करायची घाई होती, ऑर्डर पुष्कळ होत्या. सेलिन साचे दाबत होती आणि ती सुती साडीवाली अंड्यांवर साखरेची फुलं चिकटवत होती. दोघींची बोटं हिरवी-गुलाबी.

"मार्था, ही वसुंधराताई," सेलिन म्हणाली. "जूचंद्रला राहते. मदतीला आलीय."

"टीचर ना?" वसुंधरा उठली. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

"तुम्ही हिला फार सांभाळलंत म्हणून."

मार्था तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिली. सापडला नाही. वसुंधराची नजर मात्र फडताळाकडे गेली. "टीचर, राग मानू नका. ती बाटली घरातून काढाल का? केक रमशिवायही होतो. संत्र्याचा रस घालतात."

"आमच्या घरात काय ठेवायचं ते आम्ही बघू," मार्था म्हणाली.

"बरोबर आहे." वसुंधरा पुन्हा बसली. एक फूल चिकटवलं. मग खाली बघूनच बोलली, "मी चौदा वर्षं प्यायले, टीचर. पडलेही खूप. माणूस पिऊन पडतो ना, तो गुडघ्यांवर पडतो, कोपरांवर पडतो. माझे गुडघे बघाल तर चाळण झालीय. सेलिनचे बघा, कसे लहान मुलीसारखे आहेत."

सेलिनचे हात साच्यावर थांबले.

तुम्हाला वाटेल, मार्था या बोलण्याने हादरली असेल. छे! तिच्या डोक्यात शिरलं ते वेगळंच. या बाईने सेलिनचे गुडघे पाहिले! सेलिन जन्मभर फ्रॉक घालत आली, तिचे गुडघे पाववाल्यापासून फादरपर्यंत सगळ्यांनी पाहिलेले. पण मत्सराला कुठला आलाय हिशेब. "निघा तुम्ही," मार्था म्हणाली. "आमचा सण आहे उद्या. घरात काम आहे."

वसुंधरा हात धुऊन गेली. सेलिन फाटकापर्यंत तिला सोडायला गेली आणि परत येऊन गुपचूप अंडी करत बसली. मधेच तिने फ्रॉक थोडा वर सरकवून आपले गुडघे पाहिले. बराच वेळ पाहिले. मार्था पाठमोरी होती.

ईस्टरचा रविवार कडक उन्हाचा निघाला. मिस्सा झाली, सगळ्यांनी एकमेकांना "हॅपी ईस्टर" केलं आणि सॅन्टन आणि फ्लॉसी जेवायला मार्थाकडे आली. दरवर्षी यायची. ओटीवर टेबल मांडलं होतं. मार्थाने बरणी आणली आणि यजमानीण म्हणून स्वतःच्या हाताने ग्लास भरले. पहिला सॅन्टनला, त्यानेही चाळीस दिवस सोडली होती. "उपास सुटला!" म्हणत त्याने तो एका दमात संपवला. फ्लॉसीने टाळ्या वाजवल्या. दुसरा ग्लास मार्थाने काठोकाठ भरला आणि सेलिनच्या पुढ्यात ठेवला.

"घे, माझी बाय," ती मऊ आवाजात म्हणाली. "सुटला उपास."

"माझा उपास नव्हता, मार्था."

"म्हणजे?"

"मी आजपासून पिणार नाही एवढंच म्हटलं होतं. कधीपर्यंत ते म्हटलं नव्हतं. तू विचारलंही नाहीस."

सॅन्टन हसला. "अगं, घोटभर घे. सणाचा मान असतो. टीचरने एवढी स्वतः केलीय."

"नको, दादा." सेलिनने ग्लास बोटभर पुढे सरकवला. एक थेंबही सांडला नाही. "मी मटण आणते," म्हणाली आणि आत गेली.

मार्था हसत उठली. "मी बघते हं," म्हणाली आणि तिच्या मागोमाग गेली. स्वयंपाकघराचं दार तिने लोटून घेतलं, पण ते नीट लागलं नाही.

"कुणासाठी सोडलीस?"

"हळू बोल. माझ्यासाठी."

"खोटं! त्या बाईसाठी सोडलीस. अकरा वर्षांत माझ्यासाठी एक दिवस सोडली नाहीस. एक दिवस! मी काय कमी केलं गं तुझं? आणि ती टिकलीवाली येते काय, तुझा हात धरते काय—"

"तू खिडकीत होतीस?"

"हो, होते!"

सेलिनने मटणाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "मार्था, तुझ्यासाठी मी कितीदा तरी सोडायला बघितली. दुसऱ्या दिवशी ग्लास भरून कोण आणून द्यायचं?"

मार्थाचा हात उठला. चाळीस दिवस पदरात गुंडाळून ठेवलेला हात, तो एकदम सगळं घेऊनच उठला. सेलिन मागे गेली, ओव्हनच्या लोखंडी दाराच्या कडेवर भुवई आपटली आणि ती ओव्हनला धरून खाली बसली. पातेल्याचं झाकण घरंगळत भिंतीपर्यंत गेलं.

दार उघडून फ्लॉसी आली, मागे सॅन्टन. "अरे देवा! काय झालं?"

"पडली," मार्था म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं, वर्षानुवर्षांची वाटच ती. "जरा घेतली होती ना. तुला काय सांगायचं, फ्लॉसी, तुला तर माहीतच आहे."

"हो ना," फ्लॉसी म्हणाली. तिचा हातसुद्धा मार्थाच्या पाठीवर ठेवायला सवयीने उठला. आणि अर्ध्यावरच राहिला. उघड्या दारातून ओटीवरचं टेबल दिसत होतं. सेलिनचा ग्लास तिथे काठोकाठ भरलेला होता.

फ्लॉसीने ग्लासकडे पाहिलं, मार्थाकडे पाहिलं. मग ती सेलिनपाशी गुडघे टेकून बसली आणि आजवर करत आली तेच तिने केलं. वाकून नणंदेच्या तोंडाचा वास घेतला. या वेळी नाक मुरडलं नाही. पुन्हा एकदा घेतला, नीट. मग नवऱ्याकडे मान वर करून म्हणाली, "वास नाहीये हो. काजूचा येतोय फक्त."

सेलिनने ओढणीने भुवई दाबली. रक्त बोटांमधून कोपरापर्यंत आलं होतं.

"मी पडले नाही, दादा," ती म्हणाली.

सॅन्टन मंद माणूस, शेतात राबणारा, त्याला बोलायला वेळ लागायचा. "आणि मनगट मोडलं तेव्हा?" त्याने विचारलं.

"ते मला आठवत नाही. मी शुद्धीत नव्हते." सेलिनने मार्थाकडे पाहिलं. "पडले म्हणून हिनेच मला सांगितलं. प्रत्येक वेळी हिनेच सांगितलं. आणि प्रत्येक वेळी मी हिची माफी मागितली."

मार्थाला बोलायचं होतं. किती काय बोलायचं होतं! माझं प्रेम आहे म्हणायचं होतं, पाया पडायचं होतं, पुन्हा नाही म्हणायचं होतं. फ्लॉसीने तिच्याकडे पाठ केली होती. उद्या शाळेत, परवा चर्चमध्ये, अख्खं गाव अशीच पाठ करणार हे तिला त्या क्षणी दिसत होतं. पण तिला त्याची फिकीर नव्हती. ती सेलिनकडे बघत होती. सेलिन उठली, आतल्या खोलीत गेली, पर्स आणि दोन फ्रॉक घेऊन बाहेर आली. फ्लॉसीने तिचा दंड धरला.

"तिच्याकडे चाललीस," मार्था म्हणाली. "वसुंधराकडे. तसं तोंडाने सांग तरी."

"दादाकडे चाललेय."

"खोटं बोलू नकोस! कोण आहे तिथे? कोण आहे सांग!"

सेलिन ओटीच्या पायरीवर थांबली. भुवईवरची ओढणी काढून तिने मार्थाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

"कुणी नाही, मार्था," ती म्हणाली. "म्हणून तर चाललेय."

तिघं फाटकातून बाहेर पडली आणि वाडीच्या वाटेला लागली. मार्था धावत फाटकाशी गेली. वळणावर कुठे सुती साडी, मोठं कुंकू, खांद्याला पर्स अशी कुणी बाई उभी आहे का, ते ती फाटकाच्या गजांना धरून शोधत राहिली. भर दुपारची वेळ, रस्ता दूरवर रिकामा होता, तरी ती बघतच होती.